न समजता विज्ञान मानतो, ती श्रद्धाच का?

औंढेकर
आमचं गाव औंढा नागनाथच्या शिवाराला लागून. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून नागनाथाला वर्षभर लोक येतात. आता तिथूनच जवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने मंजुरी दिली. सुट्टीत गावी गेलो होतो तेव्हा संध्याकाळी ओसरीवर काकांनी विचारलं, "ते यंत्र करणार काय नेमकं?"

मी कॉमर्सचा माणूस. वाचलेलं होतं तेवढं सांगितलं. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, त्यांतून लेसर. लांब कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच थरथरतं आणि नळीची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदलते. ते मोजायचं. अमेरिकेतल्या लायगोच्या यंत्रांना १४ सप्टेंबर २०१५ ला हे पहिल्यांदा जमलं. ती धडक झाली होती सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं.
"तू पाह्यलंस?"
"नाही."
"त्याचं गणित समजतं तुला?"
"नाही."
"मंग कशावरून खरं?"
मी म्हणालो, शास्त्रज्ञांनी सांगितलं, छापून आलं, २०१७ चं नोबेल मिळालं. तर काका म्हणाले, "मला गुरवानं सांगितलं, पोथीत आलं, सगळा मुलूख दर्शनाला येतो. तुझ्यात आन् माझ्यात फरक काय मंग?"

काका टोमणा मारत नव्हते. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण प्रश्न मनापासून होता, आणि मला उत्तर आलं नाही. पंधरा दिवस झाले, डोक्यातून जात नाही. "विज्ञान सिद्ध करता येतं" हे मला पुरत नाही, कारण मला स्वतःला ते सिद्ध करता येत नाही. या जन्मात येणारही नाही. मग मी जे करतोय त्याला काय म्हणायचं?

तर्कट
विज्ञान सिद्ध करता येतं, श्रद्धा सिद्ध करता येत नाही. इतका सरळ फरक आहे. विषय संपला.

जास्वंद
तर्कट, शेवटचा परिच्छेद वाचलात का? नेमकं हेच उत्तर पुरत नाही असं त्यांनी लिहिलंय.

बोरीचा_बार
काकांना इथलं सदस्यत्व द्या आधी. एवढा नेमका प्रश्न या मंचावर कित्येक महिन्यांत आला नव्हता.

खगोलवेडा
औंढेकर, लायगोचाच विषय निघालाय तर त्यांच्याच घरातली एक हकिगत सांगतो. मला ती फार मोलाची वाटते.

सप्टेंबर २०१० मध्ये लायगोच्या यंत्रांवर एक जोरदार संकेत आला. आकाशातल्या ज्या दिशेकडून तो आल्यासारखा वाटत होता तिथे बृहल्लुब्धक हा तारकासमूह आहे, म्हणून त्याचं लाडकं नाव पडलं 'बिग डॉग'. शेकडो लोक सहा महिने त्यावर राबले. यंत्राचा आवाज असेल का, भूकंपाचा धक्का असेल का, सगळं तपासलं. शोधनिबंध लिहून तयार झाला. पण एक गोष्ट सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. प्रकल्पातल्याच मोजक्या तीन-चार जणांना, कुणालाही न सांगता, यंत्रात खोटा संकेत घुसवायचा अधिकार दिलेला होता. बाकीचे फसतात का, खरा संकेत त्यांना ओळखता येतो का, हे पाहायला. मार्च २०११ मध्ये, संकेत खरा की घुसवलेला हे सांगणारं पाकीट सगळ्यांसमोर उघडलं. संकेत खोटा होता. तयार निबंध तसाच बाजूला ठेवला.

पुढे २०१५ चा खरा संकेत आला तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच होता, की पुन्हा कुणी घुसवलाय का? तो घुसवलेला नाही याची खात्री करून घेतल्यावरच पुढे गेले. शिवाय तो दोन ठिकाणी नोंदला गेला होता, एकमेकांपासून तीन हजार किलोमीटरवर, सात मिलिसेकंदांच्या फरकाने.

त्यातलं गणित मलाही अर्धंच समजतं. पण स्वतःच्या माणसांना फसवून पाहायची सोय करून ठेवणारी माणसं आहेत ही, आणि ते समजायला गणित लागत नाही. माझा विश्वास बसतो तो त्यामुळे.

माळकरी
मी पंधरा वर्षं वारी करतो आणि एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. दोन्हीकडचा म्हणून लिहितो.

खगोलवेडा यांची हकिगत सुंदर आहे. कारखान्यात आम्हीही कधीकधी मुद्दाम सदोष नग लॉटमध्ये टाकतो, तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटतो का ते बघायला. पण हाच निकष लावून श्रद्धा तोलायची ठरवलीत तर माझ्या मनातली श्रद्धा तुमच्या तराजूत बसणारच नाही. विठ्ठल आहे ही मला कुणी दिलेली माहिती नाही. ते नातं आहे. आई माझ्यावर प्रेम करते की नाही, याची मी चाचणी घेत नाही, आणि घ्यायला गेलो तर त्या क्षणीच काहीतरी मोडेल. पंढरपूरला मी काही सिद्ध करायला जात नाही.

मात्र तोच देव "या अंगाऱ्याने कावीळ बरी होते" असं कुणाच्या तोंडून बोलायला लागला की ती माहिती झाली. तिथे तपासणी हवीच, आणि मी स्वतः ती मागतो. माझ्या मावसभावाची कावीळ अंगाऱ्यात तीन आठवडे वाया गेली. थोडक्यात वाचला.

तेव्हा गुरव जे सांगतो त्यातलं कुठलं नातं आणि कुठली माहिती, हे काकांनाच विचारा.

तर्कट
माळकरी, ही पळवाट झाली. लोक नातं म्हणून आत शिरतात आणि बाहेर पडताना माहिती घेऊन पडतात.

माळकरी
होतं तसं, नाकारत नाही. म्हणूनच दोन्ही वेगळं ठेवायची मेहनत करावी लागते. मी करतो.

नांगरट
बुलढाणा जिल्हा. आमच्याकडे भेंडवळची घटमांडणी असते. अक्षय्य तृतीयेला शेतात घट आखतात, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, भोवती अठरा धान्यं, पापड, करंजी. रात्रभर तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला पाहतात काय हललं, काय भिजलं, आणि त्यावरून पाऊस-पीक सांगतात. हजारो शेतकरी जमतात. मीही जातो. भेटीगाठी होतात, बियाण्याच्या गप्पा होतात.

आता विज्ञानाचं. हवामान खात्याने एप्रिल २००९ मध्ये सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला, पाच टक्के इकडेतिकडे धरून. झाला ७८ टक्के. मोठी चूक. पण ही चूक मला कुठून कळली? खात्याच्याच आकड्यांवरून. किती सांगितला, किती झाला, दोन्ही त्यांनीच छापलं. भेंडवळचं मागच्या वर्षीचं भाकीत किती बरोबर आलं याची वही मी अजून पाहिली नाही. प्रत्येक जण बरोबर आलेलं तेवढं लक्षात ठेवतो.

माझ्यापुरता विश्वास एवढाच: जो आपली चूक लिहून ठेवतो त्याचं ऐकायचं, तेही पदरची अक्कल वापरून. मोबाइलवर फिरत आलेल्या कुणाच्या तरी अंदाजावर एकदा पेरणी केली आणि दुबार पेरणीची वेळ आली. त्यावर कुणाचं नाव नव्हतं, वर 'शास्त्रीय अंदाज' असं मात्र लिहिलेलं होतं. शास्त्राचा सदरा घालून कुणीही येतं, दादा.

जास्वंद
शेवटची ओळ शंभर टक्के खरी. आमच्या सोसायटीत 'क्वांटम' पाण्याची बाटली विकायला आले होते. काका गुरवावर विश्वास ठेवतात, आमच्या शेजारी 'क्वांटम' या शब्दावर. या दोन्हींत मला फरक दिसत नाही, आणि औंढेकरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर "हो, कधीकधी ती श्रद्धाच असते" असं द्यावं लागेल.

कसबा_पेठ
पुण्यात झालेला एक प्रयोग इथे आठवायलाच हवा. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या, शंभर हुशार म्हणून निवडलेली आणि शंभर मतिमंद. ज्योतिषांना आवाहन केलं, की चाळीस पत्रिका पाहा आणि कोणती कुठल्या गटातली ते सांगा. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवून पन्नासच्या आसपास आली असती. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

मला यात आवडतं ते हे, की चाचणी समजून घ्यायला ना ज्योतिष यायला लागतं ना खगोलशास्त्र. माझ्या आजीला समजली. ती पुढेही पत्रिका बघत राहिली तो भाग निराळा, पण 'तपासायचं कसं' हे तिला समजलं.

सांख्यिकी
विज्ञानाच्या बाजूचेही खड्डे दाखवतो, नाहीतर हा धागा एकाच अंगावर कलेल. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिले. त्यातल्या सुमारे ३६ टक्क्यांतच परिणाम पुन्हा ठळकपणे दिसला. म्हणजे "छापून आलं" हे औंढेकरांनी काकांना दिलेलं कारण खरोखर कच्चं आहे. एक निबंध म्हणजे एक निबंध. मी रोज हेच काम करतो, आणि कुणी 'एका संशोधनानुसार' म्हणालं की माझे कान टवकारतात.

खुद्द नारळीकरांचंच घ्या. विश्वाला आरंभ नाही या स्थिर-स्थिती सिद्धांताची बाजू ते ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्यासोबत मांडत आले. १९६५ मध्ये वैश्विक पार्श्वप्रारण, म्हणजे विश्व महास्फोटातून सुरू झालं याची खूण मानलं जाणारं, सगळ्या आकाशातून येणारं मंद प्रारण सापडल्यावर बहुतेकांनी तो सिद्धांत सोडला. नारळीकरांनी त्यात बदल करून तो पुढे नेला, २०२५ मध्ये गेले तोवर महास्फोटाबद्दल शंका घेत राहिले. ही श्रद्धा म्हणायची का?

खगोलवेडा
नाही म्हणायची. आपला सिद्धांत कुठे चुकू शकतो, कुठलं निरीक्षण तो पाडेल, हे ते स्वतः सांगत. आणि पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली तिथे महास्फोट मानणारेच जास्त होते. आपल्या विरुद्ध मताच्या माणसांसाठी त्यांनी घर बांधलं! हे लिहिताना आजही भरून येतं.

बोरीचा_बार
अवांतर: इस्रोवाले यान सोडायच्या आधी तिरुपतीला यानाची प्रतिकृती ठेवतात, त्याचं काय?

तर्कट
तेच तर! राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे आणि शास्त्रज्ञच...

जास्वंद
थांबा थांबा. यावर आधीच तीन धागे आहेत आणि तिन्हींचं कुरुक्षेत्र झालंय. चांद्रयान-३ उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला, ते गणित आणि इंजिन बरोबर होतं म्हणून. देवळात जाऊन कुणी गणितातला एक आकडाही बदलला नाही. एवढ्यावर मिटवा.

परळकर
कामानिमित्त परळच्या हाफकिन संस्थेवरून रोज जायचो, म्हणून हे नीट वाचून काढलं होतं. जरा लांबेल.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन हा परदेशी संशोधक ग्रँट मेडिकल कॉलेजात एका खोलीत लस बनवत होता. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले. पुढे लाखोंनी घेतली. यातल्या किती जणांना लस कशी चालते ते समजलं असेल? जवळजवळ कुणालाच नाही. तेव्हा औंढेकरांचा प्रश्न त्या रांगेतल्या प्रत्येकाचा होता.

आता विश्वास मोडला तो दिवस. ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुलकोवाल गाव. एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. बाटलीचा क्रमांक होता ५३-एन. एकोणीस घरं! हाफकिनवर ठपका आला, पद गेलं. पण बाटलीला क्रमांक होता, कुणाला कुठल्या बाटलीतून टोचलं याची नोंद होती. त्याच बॅचच्या दुसऱ्या बाटल्यांतून घेतलेल्यांना काही झालं नव्हतं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, हेही चौकशीत नोंदलं गेलं होतं. या नोंदींच्या आधारावरच पुढे मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतरांनी जाहीर पत्र लिहून भांडण मांडलं आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरला. तोवर पाच वर्षं गेली होती. त्याचं आयुष्य पुन्हा जागेवर आलं नाही. संस्थेला त्याचं नाव दिलं १९२५ मध्ये.

हे मी विज्ञानाची आरती म्हणून लिहीत नाही. त्या चौकशीत माणसांनी पूर्वग्रहाने निर्णय दिले, एका निरपराधाला भोगायला लावलं. पण क्रमांक होता म्हणून खरं शोधता आलं. काकांना माझ्या वतीने एकच विचारा, की गुरवाने सांगितलेलं चुकलं तर कुठली बाटली चुकली हे शोधायची काही सोय आहे का?

माळकरी
परळकर, अप्रतिम. मुंबईत प्लेगची लस निघाली त्याच १८९७ मध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या, १० मार्चला. त्यांनी काही लस समजून घेतली नव्हती. माणसाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. असाही एक विश्वास असतो, माणसाने माणसावर ठेवलेला.

नर्सबाई
मी इथे फक्त वाचते, पण माळकरींच्या या ओळीवर लिहावंसं वाटलं.

सातपुड्यात एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी सरकारी परिचारिका म्हणून माझी सव्वीस वर्षं गेली. पोलिओच्या वेळी पाड्यावर जायचो. लोक दारं लावून घ्यायचे. त्यांना विषाणू समजावून सांगितला तरी काय उपयोग, मलाच कुठे तो नीट समजला होता? एका पाड्यावर इंजेक्शननंतर एका बाळाला ताप आला. घरचे चिडले. मी चार दिवस रोज चालत गेले, बाळाच्या उशाशी बसले. पाचव्या दिवशी बाळ खेळायला लागलं. पुढच्या फेरीला त्याच आजीने सगळा पाडा गोळा केला. तिचा विश्वास लसीवर नव्हता, माझ्यावर होता. तेव्हा तो देवासारखाच विश्वास होता असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

पण मला ते ओझं वाटायचं. मी चुकले तर? म्हणून मी आयांना एक गोष्ट शिकवली. पोलिओच्या कुपीवर एक गोल असतो, त्यात चौकोन. लस उन्हात, उष्णतेत राहिली की चौकोन काळपट होत जातो. चौकोन गोलापेक्षा फिका असेपर्यंत लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला की फेकून द्यायची. मी प्रत्येकीला कुपी हातात द्यायचे, "बघ, फिका आहे ना?" पहिल्यांदा लाजायच्या. मग एकदा त्या आजीनेच माझ्या हातातली कुपी काढून घेतली, उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "हां, आता पाज." शाळेची पायरी न चढलेली बाई. मला इतका आनंद झाला की डबीतले खडीसाखरेचे सगळे खडे तिथल्या पोरांना वाटून टाकले.

भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. ती बातमी लागली तेव्हा मला त्या आजीचा उजेडात धरलेला हात आठवला.

सांख्यिकी
नर्सबाई, मी वीस वर्षं आकडेवारी शिकवतोय. हा तुमचा फिका चौकोन उद्यापासून वर्गात सांगणार.

तर्कट
मी पहिल्या प्रतिसादात "विषय संपला" लिहिलं ते मागे घेतो. "सिद्ध करता येतं" म्हणताना मी कुणाला करता येतं हे धरलंच नव्हतं. आजीला लस सिद्ध करता येत नव्हती, पण नाकारता येत होती. चौकोन काळा दिसला असता तर तिने नर्सबाईंना परत पाठवलं असतं, आणि नर्सबाईंनी ते मान्य केलं असतं. माझं मत बदललं नाही, पण ते मांडायची जागा बदलली.

जास्वंद
माझ्या वडिलांचं लिहिते. अल्सर. वर्षानुवर्षं तिखट बंद, काळजी करू नका, दूध प्या. अल्सर जंतूंमुळे होतो हे पटवायला बॅरी मार्शल या डॉक्टरने १९८४ मध्ये स्वतः ते जंतू पिऊन दाखवले, त्याला आणि त्याचा सहकारी वॉरेनला २००५ मध्ये नोबेल मिळालं, आणि मग आमच्याकडे कधीतरी डॉक्टरांनी दोन आठवड्यांची अँटिबायोटिक्स दिली. वडील म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं सांगत होते ते चूक होतं?" त्यांना राग आला होता, आणि तो रास्त होता. "विज्ञान स्वतःला सुधारतं" हे आपण ऐटीत म्हणतो, पण सुधारण्याआधीच्या वर्षांत कुणाचं तरी जेवण बेचव झालेलं असतं. हेही काकांना प्रामाणिकपणे सांगा.

औंढेकर
तीन दिवस लिहिलं नाही, कारण पुन्हा गावी जाऊन आलो. धागा मोबाइलवर काकांना वाचून दाखवला. नर्सबाईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला.

पाकिटाची हकिगत ऐकून काका खूप वेळ गप्प होते. म्हणाले, "आपल्याच माणसाला फसवून पाहायचं म्हंजे मोठं काळीज लागतं." परळकरांच्या प्रश्नावर म्हणाले, "नाही, तशी सोय नाही आमच्याकडं. पर मी नागनाथाला काय शोधायला जात नाही. माझी आई जायची, म्हणून जातो." म्हणजे माळकरी म्हणाले तसं नातं. आणि मग आपणहून पुढे: "गुरवानं औषध सांगितलं तर मात्र आता इचारीन, चौकोन कुठंय म्हणून."

माझ्यापुरतं सांगायचं तर, लायगोवर माझा विश्वास का, याचं उत्तर मला खगोलवेडांमुळे मिळालं. पण काकांकडे अजून एक प्रश्न आहे. त्यांना ते यंत्र पाहायचंय. "पाड्यावरच्या बाईला कुपी हातात मिळाली. माझ्या शिवारात एवढं मोठं यंत्र व्हायलं, मला आत सोडतील का?" मला माहीत नाही. कुणाला कल्पना आहे?

खगोलवेडा
वेधशाळा उभी राहायला अजून वेळ आहे. तोवर काकांना खोडदला आणा. नारायणगावाजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं, शाळेची पोरं आपापले प्रयोग मांडतात आणि शास्त्रज्ञ समोर उभे राहून उत्तरं देतात. काकांनी त्यांना "मंग कशावरून खरं?" हे जरूर विचारावं.

नांगरट
मी बुलढाण्याहून येतो. वाटेत भेटू.

परळकर
मुंबईहून मी आहे. नारायणगाव एसटी स्टँडला सकाळी नऊला जमतं का सगळ्यांना?

औंढेकर
काकांना आत्ता फोन केला. म्हणाले, आदल्या रात्रीच निघू, आणि दशम्या बांधून घेऊ सगळ्यांपुरत्या. किती जण आहात ते कळवा.